ओढणारी गाडी घ्यावी की ढकलणारी? काटोल रोड, पांदण आणि पावसाळा

काटोलरोडकर

नमस्कार मंडळी.

राहायला नागपुरात गिट्टीखदानला, संत्र्याची बाग काटोलच्या पुढे. आठवड्यातून तीनदा तरी जाणं-येणं होतं. घरात दोन गाड्या. एक १८ वर्षं जुनी नऊ सिटर डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे रिअर व्हील ड्राइव्ह. दुसरी बायकोची हॅचबॅक, पुढची चाकं ओढणारी, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्ह. जुनी आता काढायची आहे आणि तिच्या जागी काय आणायचं यावर घरात दोन महिने चर्चा सुरू आहे.

शोरूममधल्या मुलाने मला दोन वाक्यांत निकाल देऊन टाकला: "साहेब, चढाला आणि चिखलाला रिअर व्हील भारी. वळणाला फ्रंट व्हील सेफ, ती कधी मागून सुटत नाही." माझा अनुभव दोन्ही बाबतीत नेमका उलटा आहे, म्हणून हा धागा काढतोय.

पहिला अनुभव रामटेकचा. अंबाळा तलावाकडून गडावर चढणारा रस्ता, श्रावणातली रिमझिम, रस्त्यावर ओला पाला आणि वाहून आलेली बारीक रेती. नऊ सिटरमध्ये मी एकटाच. एका वळणावर समोरून बस आली म्हणून थांबलो. पुन्हा उचलायला गेलो तर मागचं डावं चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. गाडी पुढे जाईना, शेपूट हळूहळू कडेच्या नालीकडे सरकायला लागली. माझ्यामागे एक छोटी हॅचबॅक होती, आत चार माणसं. ती माझ्या बाजूने निवांत वर निघून गेली. तिची पुढची चाकं ओढणारी होती. मग चढाला रिअर व्हील भारी कशी?

दुसरा अनुभव मागच्या ऑगस्टमधला आणि तो आठवला की अजून हातपाय थंड पडतात. हॅचबॅक घेऊन काटोलहून परत येत होतो, मुलगी शेजारी बसलेली. फेटरीच्या अलीकडे उजवं वळण, पाऊस नुकताच थांबलेला, वेग ७० च्या आसपास. वळणात शिरल्यावर वाटलं की जरा जास्तच झालं, म्हणून एक्सलरेटरवरून पाय झटकन उचलला. त्याच क्षणी मागचा भाग डावीकडे फेकला गेला. स्टिअरिंग उलटं मारलं, गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलली आणि सरळ झाली. समोरून काही आलं नाही, हे नशीब. फ्रंट व्हील मागून सुटत नाही म्हणतात, मग हे काय होतं? महिनाभरापूर्वीच पुढे दोन नवे टायर टाकलेले होते, म्हणजे टायर जुने होते असंही नाही.

वापर असा: ६० किलोमीटर डांबरी, शेवटचा दीड किलोमीटर पांदण, काळी जमीन. आंबिया बहाराच्या तोडणीच्या वेळी मागे २० किलोचे १०-१२ क्रेट असतात, बाकी वर्षभर गाडी रिकामी. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गॅरेज_हिंगणा

भाऊ, तुमच्या दुसऱ्या किश्श्याचं उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत हाये. पुढे नवे टायर टाकले म्हणता, मागचे किती घासले होते? ते पाह्यले का?

माह्याकडे दर पावसाळ्यात अशा दोन-चार गाड्या येतेत. टायरवाला सांगते, ओढणारी चाकं पुढे, तर नवी जोडी पुढेच पायजे. लोकाईले पटते, कारण पुढचे टायर लवकर घासते ना. पण ओल्या रस्त्यावर काय होते, पुढचा नवा टायर पाणी कापून रस्ता धरून ठेवते आणि मागचा घासलेला पाण्यावर तरंगते. पुढचं चाक घट्ट, मागचं सुटं. अशात पाय झटकन उचलला का वजन पुढे येते, मागचं आणखी हलकं होते. मंग शेपूट जाईल नाई तर काय? नवी जोडी मागे टाकायची, गाडी फ्रंट व्हील असो का रिअर व्हील. पुढचे अर्धे वापरलेले चालतील, पण मागचे चांगले पायजेत. पुढून गाडी सरकली तर माणूस पाय सैल करते, गाडी सावरते. मागून सुटली तर शंभरातला एखादाच सावरते.

आता यंत्राचं सांगतो. फ्रंट व्हीलमध्ये इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच बाजूले, डिफरन्शियल (दोन चाकाईत जोर वाटून देणारे गिअर) त्याच्याच पोटात. तिथून दोन शाफ्ट निघून चाकाईले जातेत. चाक वळते पण अन् ओढते पण, म्हणून टोकाले सीव्ही जॉइंट लागते. त्याच्यावर रबराचा बूट असते. बूट फाटला का ग्रीस बाहेर फेकल्या जाते. चाकाच्या आतल्या बाजूले बोट फिरवा, काळा चिकट पट्टा गोल लागला दिसला तर समजा बूट गेला. मंग धूळ-पाणी आत जाते आणि स्टिअरिंग पूर्ण काटून गाडी काढली का कट-कट-कट आवाज येते. फाटल्याबरोबर आले तर काम बुटावर भागते, आवाज सुरू झाल्यावर आले तर जॉइंटच बदला लागते. पांदणीत तुराटी-पऱ्हाटीच्या खुंटाईनं हे बूट लय फाटतेत, हे ध्यानात ठेवा.

रिअर व्हीलमध्ये इंजिन गाडीच्या लांबीत उभं, गिअरबॉक्स मागे, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या टोकाईले क्रॉस म्हणजे फिरता सांधा, मंग मागचं हौसिंग, त्याच्यात डिफरन्शियल. क्रॉस सुकला का पहिल्या गिअरमध्ये उचलतानी 'टक्' असा आवाज येते. वजन जास्त, भाग जास्त, पण वजन वाहाले मजबूत. आणि स्टिअरिंगवर इंजिनचा जोर नसते, म्हणून हातात मोकळी लागते. फ्रंट व्हीलमध्ये दोन शाफ्ट कमी-जास्त लांबीचे असले तर जोरात पिकअप घेतल्यावर स्टिअरिंग एका बाजूले ओढते. ताकदवान टर्बो गाडीत हे जास्त जाणवते.

धरमपेठ_विज्ञान

मी भौतिकशास्त्र शिकवते. रामटेकचा किस्सा वाचून कागद-पेन घेऊन बसले. आकडेमोड सोपी आहे, जरा सोबत या.

समजा दोन्ही गाड्या १२०० किलोच्या, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन-गिअरबॉक्स सगळं पुढे, म्हणून पुढच्या चाकांवर साधारण ६० टक्के, म्हणजे ७२० किलो. इंजिन पुढे असलेल्या रिअर व्हील ड्राइव्हमध्ये मागच्या चाकांवर जवळपास निम्मं, ६०० किलो. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, जी चाकं गाडी हलवतात त्यांच्यावर फ्रंट व्हीलचंच वजन जास्त आहे.

आता सातास एक असा चढ घ्या. चढावर वजन मागे सरकतं, पण या मापाच्या गाडीत जेमतेम ३७ किलो. म्हणजे पुढच्या चाकांवर ६८३ उरले आणि रिअर व्हीलच्या मागच्या चाकांवर ६३७ झाले. तरीही फ्रंट व्हील पुढेच!

मग रिअर व्हील कधी जिंकते? जोरात वेग घेताना. दर सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवला तर आणखी सुमारे ८० किलो मागे जातात. पण एवढा वेग घ्यायला आधी रस्त्याने पकड द्यायला हवी. कोरड्या डांबरावर ती मिळते, म्हणून ताकदवान गाड्या बनवणारे मागच्या चाकांवर प्रेम करतात. ओल्या पाल्यावर पकडच नाही, तर वेग नाही. वेग नाही, तर वजन मागे जात नाही. तुमची नऊ सिटर रिकामी होती, मागे सीट होत्या आणि हवा होती. ती तिथेच फिरत राहिली यात नवल नाही.

आता याच गाड्यांत तुमचे १२ क्रेट ठेवा. २४० किलो, मागच्या चाकांच्या ३० सेंटिमीटर मागे. तराजूसारखं होतं: मागे २६९ किलो वाढतात आणि पुढचे २९ कमी होतात. एकूण वजन १४४०. फ्रंट व्हीलच्या पुढच्या चाकांवर ६९१, म्हणजे ४८ टक्के. रिअर व्हीलच्या मागच्या चाकांवर ८६९, म्हणजे ६० टक्के. पारडं पूर्ण फिरलं! मला स्वतःला हे उत्तर पाहून फार आनंद झाला. म्हणून माझा तुम्हाला प्रश्न असा की पावसाच्या दिवसांत तुमच्या गाडीच्या मागे काय असतं?

वळणाचं थोडं. टायरची पकड हा महिन्याचा पगार समजा. वळायलाही त्यातूनच खर्च आणि ओढायलाही त्यातूनच. पगार १०० असेल आणि वळण्यात ८० गेले, तर ओढायला २० नाही, ६० उरतात, कारण या दोन ताकदी काटकोनात असतात आणि तिथे पायथागोरस लागतो. पण वळण्यात ९५ गेले तर उरतात ३१, आणि तिथून पुढे शिल्लक भराभर आटते. फ्रंट व्हीलमध्ये दोन्ही खर्च पुढच्या जोडीवर, म्हणून वळणात जोर दिला की नाक बाहेर पळतं. रिअर व्हीलमध्ये खर्च वाटलेला असतो, वळणात गाडी समतोल वाटते, पण जोर जास्त झाला की मागची जोडी दिवाळखोर होते आणि शेपूट बाहेर.

अ‍ॅम्बॅसिडरवाले_काका

बाईंनी जे गणितानं सांगितलं ते आम्ही पोत्यानं शिकलो. आमच्याकडे अ‍ॅम्बॅसिडर होती. पावसाळा लागला की वडील डिक्कीत गव्हाचं एक पोतं टाकून ठेवत आणि दिवाळीनंतर काढत. मी विचारलं तर म्हणत, "गाडीला बूड जड पाहिजे."

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा आमच्या मोहल्ल्यात कोणाचा विश्वास बसेना. पुढचीच चाकं वळतात आणि पुढचीच ओढतात, मग मागची कशाला? त्याआधी अ‍ॅम्बॅसिडर काय नि पद्मिनी काय, सगळ्या ढकलणाऱ्या. पहिल्या पावसात मारुती चिखलातून पाखरासारखी निघून गेली आणि लोक गप्प बसले.

एक युक्ती सांगतो. फ्रंट व्हील गाडी ओल्या चढावर फसली आणि मागे रस्ता मोकळा असेल, तर गाडी फिरवून रिव्हर्समध्ये चढवून पाहा. ओढणारी चाकं खालच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर येतं. मी स्वतः दोनदा असा चढलो आहे. मात्र मागे पाहणारा माणूस खाली उतरवा, एकट्याने करू नका.

आणि इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत माल पोचवायचा असेल तर मागून चालणारी गाडी कमी जागेत वळते. पुढच्या चाकांना शाफ्टची अडचण नाही, ती जास्त काटतात.

समृद्धीवरचा

माझा सगळा प्रवास हायवेवर. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, तिथे सरळ रस्त्यावर पुढून की मागून हा प्रश्नच मला कधी पडला नाही. एक गाडी फ्रंट व्हील, एक रिअर व्हील, दोन्ही चालवतो. तिथे प्रश्न टायरचा आणि हवेचा. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश, खाली सिमेंट काँक्रीट, गाडीत पाच माणसं आणि हवा कमी असेल तर टायर आतून तापून फुटतो. दारावरच्या चौकटीत किती हवा पाहिजे ते लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो. निघण्याआधी, टायर थंड असताना तपासा.

नावावर जाऊ नका, हेही सांगतो. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर, २०२२ ला आलेली इनोव्हा हायक्रॉस पुढच्या. जुनी सफारी मागच्या, २०२१ ची नवी सफारी पुढच्या. नाव एक, जात वेगळी.

हॉस्टेल_टू_हिंगणा_रोड

इलेक्ट्रिकचं कोणीच बोललं नाही. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई मध्ये मोटर मागे, कॉमेटमध्येही मागे, नेक्सॉन ईव्हीत पुढे. मग इलेक्ट्रिकमध्ये पुन्हा सगळे मागच्या चाकांकडे वळतायत का?

गॅरेज_हिंगणा

ताई, कारण सोपं हाये. मोटर लहान असते, मागे सहज बसते, लांब शाफ्ट लागत नाई. बॅटरी पायाखाली पसरलेली, म्हणून मागच्या चाकावर वजन राहते. आणि पाय दाबल्याबरोबर सगळा जोर येते, तो पुढच्या चाकाले झेपत नाई. चाक फिरायला लागलं का कॉम्प्युटर डोळ्याची पापणी लवायच्या आत जोर कमी करते. फक्त ओल्या रस्त्यावर रिजेन (पाय उचलल्यावर मोटरच ब्रेक लावते ते) हलकं ठेवा, ते मागच्याच चाकाले धरते.

काटोलरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आधी हॅचबॅकचे मागचे टायर पाहिले. खोबणीत नाणं उभं केलं, पुढच्या टायरमध्ये ते बऱ्यापैकी आत गेलं, मागच्यात जवळजवळ वरच राहिलं. मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने नाणं माझ्या हातातून घेतलं, पुन्हा पुढे लावून पाहिलं, पुन्हा मागे लावून पाहिलं. काही बोलली नाही. त्याच संध्याकाळी नवी जोडी मागे आणि जुनी पुढे केली. जुन्या जोडीची जागा घ्यायला दोन टायर सांगितले आहेत, तोवर ही गाडी काटोलला नेणार नाही.

मग बाईंच्या गणिताची परीक्षा घ्यायची ठरवली. बागेशेजारच्या भावांकडे बोलेरो आहे, मागच्या चाकांची. परवा दिवसभर पाऊस झाला, काल उघडीप होती. पांदणीत आमच्या धुऱ्याजवळ एक खोलगट जागा आहे, तिथे दर पावसाळ्यात कोणीतरी फसतंच. काळी माती ओली झाली की चाकाला चिकटून गोळा होते, टायरच्या खोबण्या भरतात आणि चाक गुळगुळीत रूळ होऊन फिरत राहतं.

आधी रिकामी बोलेरो नेली. खोलगटात उतरली, मधोमध पोचली आणि उजवं चाक फिरायला लागलं. डावं चाक कोरड्या कडेवर होतं पण ते हललंच नाही. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक मोकळं फिरलं की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. चार जणांनी धक्का देऊन बाहेर काढली. मग मागे १२ क्रेट लादले. बहाराला वेळ आहे म्हणून संत्र्याऐवजी मातीने भरून प्रत्येकी २० किलो मोजले. दुसऱ्या गिअरमध्ये, पाय एकसारखा ठेवून, तीच गाडी त्याच चाकोरीतून निघाली. मध्ये एकदा मागून थोडी डुलली, पण थांबली नाही. ड्रायव्हर तोच, टायर तेच, चिखल तोच. मी वावरात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

हॅचबॅक तिथे नेलीच नाही. तिचं पोट चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर टेकतं. पोट टेकलं की चाकं लोंबकळतात, मग ओढणारी असोत की ढकलणारी. जमिनीपासूनची उंची हा मुद्दा पहिल्या पोस्टमध्ये माझ्या लक्षातच आला नव्हता.

घरात ठरलं ते असं. शहर, काटोल रोड, रामटेक, पाहुणे, यासाठी हॅचबॅक राहील. बागेसाठी रिअर व्हील, उंच, आणि शक्यतो मागच्या डिफरन्शियलला लॉक असलेली. बोलेरो निओच्या एन १० ऑप्शनल व्हेरिएंटमध्ये मेकॅनिकल लॉक येतं, एक चाक जास्त फिरायला लागलं की ते दोन्ही चाकं आपोआप जोडून टाकतं. वापरलेली शोधतोय. आणि पावसाळ्यात मागे काकांचं गव्हाचं पोतं, पण पट्ट्याने घट्ट बांधून, कारण अचानक ब्रेक लागला तर सुटं पोतं माणसाच्या पाठीत येईल.

एक विचारायचं राहिलं. वळणात गाडी सुटायला लागली तर पायाने नेमकं काय करायचं? मुलगी पुढच्या वर्षी शिकणार आहे.

धरमपेठ_विज्ञान

क्रेट मोजून लादलेत, हे वाचून फार बरं वाटलं.

तिला दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिकवा. स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जातंय आणि स्टिअरिंग हाताला हलकं लागतंय: पाय हळू सैल करायचा, स्टिअरिंग आणखी न काटता किंचित मागे आणायचं, पुढचे टायर धरेपर्यंत थांबायचं. आणि मागचा भाग बाहेर जातोय असं कंबरेला जाणवलं: ब्रेकवर उडी नाही, पाय झटकन उचलणं नाही. ज्या बाजूला शेपूट जातेय त्याच बाजूला स्टिअरिंग, नजर जिथे जायचंय तिथे, आणि गाडी सरळ होताना स्टिअरिंगही लगेच सरळ. तुमची गाडी दोनदा झुलली ती या शेवटच्या उशिरामुळे. सगळ्यात आधी मात्र हे, की वेग वळणाच्या अगोदर कमी करायचा.

गॅरेज_हिंगणा

भाऊ, वापरलेली घेतानी मले सोबत न्या. हौसिंगमधून तेल गळते का, क्रॉसमध्ये खेळ हाये का, हे खाली झोपूनच पाहा लागते. रविवारी सकाळी ८ पर्यंत या, तर्री पोहे खाऊन निघू. हॅचबॅक पण घेऊन या, मागच्या टायरची हवा पाहून देतो.